दर तिसऱ्या दिवशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी मागून मोकळी झाले. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. आलं, आणि मी घटाघटा पाणी पिऊन घेतलं. आज लिहायला बसले, कारण बोलायला गेले की माझी जीभ भलतीकडेच वळते. ती फार तयार जीभ आहे. तिनंच तर सगळं केलं.

आधी मी कोण ते सांगते. मी हट्टा गावात सरकारी आरोग्य खात्याची आशाताई आहे. बाळंतपणं, लेकरांचे डोस, बीपीच्या गोळ्या, टीबीच्या गोळ्या — आमच्या गल्लीत कुणाला दोन शिंका जास्त आल्या तरी आधी माझ्या दारात येतात. "ताई म्हणल्या म्हणजे झालं." हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकून राहिले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. अजूनही आवडतं. गावात बाईमाणसाला कोण विचारतं हो? मला विचारत होते. त्यानं माझा आवाजच तसा झाला — सांगणारणीचा. घरातसुद्धा मी सांगायची आणि बाकीचे ऐकायचे.

माझी मुलगी रेणू. नवव्या वर्षी तिला साखर निघाली. गोळ्यांवर भागते ती नव्हे. इन्सुलिनशिवाय एक दिवस निघत नाही, ती. दिवसाला चार सुया टोचायचो तिला. ती चौदा वर्षांची असताना नांदेडच्या डॉक्टरांच्या ओळखीनं एका संस्थेनं तिला पंप दिला. कमरेला लावायची छोटी डबी. तिच्यात इन्सुलिन भरायचं, एक बारीक नळी, आणि नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली. दिवसभर थेंब थेंब जात राहतं, जेवताना बटण दाबून जास्तीचं द्यायचं. गावात त्याचं हसू झालं. माझा नवरा जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो, विहिरीच्या, बोअरच्या पंपांच्या. मग काय, लोकांना विषयच मिळाला. "घरच्या पोरीलाबी पंप बसवला का? किती एचपीचा?" रेणू लगेच म्हणायची, "तीन एचपी. तुमच्या बोअरपेक्षा जास्त फेकतो." अशी पोरगी. मला वाटायचं, बोलण्यात माझ्यावर गेली.

नळी आणि सुई आम्ही तीन दिवसांनी बदलायचो. सोमवारी घातली की गुरुवारी, गुरुवारी घातली की रविवारी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवायची. दोन वर्षं असं चाललं, काही तकलीफ झाली नाही.

रेणूची दहावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात जुनं इन्सुलिन मिळेनासं झालं. वसमतला नाही, नांदेडला नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, दुसऱ्या प्रकारचं देतो. हेही तसंच, लवकर काम करणारं. डोस सध्या तोच ठेवू, फक्त काही दिवस साखर जास्त वेळा तपासा. मग त्यांनी एक बोट वर केलं. "एकच लक्षात ठेवा. हे जास्त वेळ राहिलं तर नळीत बसतं, नळी तुंबते. पहिल्यासारखं करू नका. तिसऱ्या दिवशी बदलायचं. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले.

काय बराबर? पहिल्यासारखं करू नका म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात — मग पहिल्यापेक्षा वेगळं काय झालं, हा प्रश्न मला पडला होता. पडला होता, हे मी कबूल करते. पण त्या दिवशी गावातली एक बाई तिचं लेकरू दाखवायला माझ्यासोबत आली होती. मीच तिला आणलं होतं, रस्ताभर माझ्या ओळखी सांगत. तिच्यादेखत मी डॉक्टरला विचारू, "म्हणजे कसं हो?" नाही विचारलं. मान हलवली आणि बाटल्या पिशवीत टाकल्या.

सोमवारी सकाळी नवं इन्सुलिन भरलं. साखर छान राहिली. मंगळवारीही छान.

बुधवारी सकाळी रेणू भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आई, आज बदलायचं ना?"

"उद्या."

"डॉक्टर तर म्हणले तिसऱ्या दिवशी. सोमवार, मंगळवार, बुधवार." तिनं बोटं मोजून दाखवली. पिठानं भरलेली तीन बोटं.

"तू मला शिकवून राहिली का? उद्या म्हणलं ना!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्या जागी मी असते तर भांडले असते. पण माझ्याशी भांडायची सवय मी घरात कुणाला लागूच दिली नव्हती.

त्या दुपारी शेजारी साखरपुडा होता. बुंदीचे लाडू, मसालेभात, सगळं आळीभर. रेणू नवरीच्या केसांत गजरा माळायला गेली, पाच वाजता आली. दिवे लागायच्या वेळी तपासलं तर साखर तीनशेच्या वर. मी बटण दाबून जास्तीचं दिलं. उतरली नाही. झोपताना आणखी दिलं. त्याच नळीतून. सकाळी ती उलट्या करत उठली. पोट धरून बसली. श्वास असा जोरजोरात, आणि तोंडाला तो गोडसर, पिकल्या फळासारखा वास. त्या वासाबद्दल मला शिकवलेलं होतं. असं झालं की नळीवर भरवसा ठेवायचा नाही, हातानं सुई टोचायची, हेही शिकवलेलं होतं. मी काय केलं? मी तिचा दंड धरला आणि विचारलं, "काय खाल्लंस?"

"काई न्हाई खाल्लं."

मी तिला मारलं. एकच, गालावर. वांती होऊन राहिलेल्या लेकराला.

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "अगं, नळी तर न्हाई ना तुंबली? मोटर चालू हाय आन् पाणी न्हाई म्हणल्यावर आधी पाइप बघावं लागतो."

"तो काय बोअरचा पाइप हाय का? तुमाला काय कळतं त्यातलं? लाडू हाणला असंल हिनं तिकडं."

तो बिचारा जीप बघायला पळाला. ताई म्हणल्या म्हणजे झालं — तो पण त्यातलाच.

वसमतला दवाखान्यात नेलं. सलाईन लावली, सलाईनमधूनच इन्सुलिन सुरू केलं, पंप काढून माझ्या हातात पिशवीत घालून दिला. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली, दुपारपर्यंत थांबला असता तर अवघड होतं. त्यांनीही विचारलं, काय खाल्लं होतं? मी लगेच सांगितलं, लाडू. त्यांनी लिहून घेतलं.

इथपर्यंतचं तुम्ही पोटात घालाल. माणूस घाबरतं, चुकतं, रागावतं. इथपर्यंतच असतं तर मी कशाला लिहायला बसले असते?

दहा-साडेदहा वाजले असतील. मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. शेजारी एक माणूस फोनवर जोरात बोलून राहिला होता, त्याच्या नात्यातलं कुणीतरी वारलं होतं. "अरे, आज तिसरा. सावडायचं झालं सकाळी... उद्या कसा? मंगळवारी गेली ना म्हातारी? मंगळवार, बुधवार, बेस्तरवार. गेल्याचा दिवस धरून मोजतात, येड्या."

दिवस धरून मोजतात.

मी माझी बोटं बघितली. सोमवार — ज्या दिवशी घातली तो दिवस धरून — मंगळवार, बुधवार. माझे सासरे गेले तेव्हा तिसरा मीच सांगितला होता सगळ्या भावकीला; गुरुजींनी विचारायच्या आधी. मेलेल्या माणसाचा तिसरा दिवस मला बराबर मोजता येतो. जित्या लेकराचा मोजता आला नाही? आला नाही की मोजला नाही? रेणूनं मोजला होता. पिठाच्या बोटांवर. मी पिशवीतून ती नळी काढली, खिडकीच्या उजेडात धरली. काही दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती. मी नळीचं वेटोळं करून ब्लाउजमध्ये खुपसलं. तेव्हा कुणी बघत सुद्धा नव्हतं.

मग मी तिचे कपडे आणायला गावात आले. सायली नावाच्या तिच्या मैत्रिणीनं दिलेली एक छोटी पर्स होती, साखरपुड्याला तीच नेली होती. फणी हवी म्हणून ती उघडली. फणीखाली कागदी रुमालात गुंडाळलेला लाडू. अख्खा. एका बाजूनं जरा चेपलेला.

हे तुम्हाला सांगायला पाहिजे. रेणूला साखर निघाल्यापासून आमच्या घरात गोड करायचं बंद होतं. आणि मला बुंदीचा लाडू जिवापाड आवडतो. म्हणून कुठंही कार्यक्रमाला गेली की पोरगी स्वतःच्या ताटातला लाडू पर्समध्ये घालून आणायची, माझ्या हातात द्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. "खा लवकर. मी न्हाई बघत." हा आमचा दोघींचा खेळ होता. बापाला पण माहीत नव्हता. बुधवारी तिला आल्याआल्या गळाल्यासारखं झालं, तपासणी, बटण, धावपळ — त्यात तो द्यायचा राहिला.

त्या लाडवाइतका धडधडीत साक्षीदार दुसरा कोण होता? तो तसाच उचलून दवाखान्यात न्यायचा होता. नवऱ्याच्या हातावर ठेवून म्हणायचं होतं, तुमचं खरं हो, पाइपच तुंबला होता. एवढंच वाक्य.

मी दार लोटलं आणि तो लाडू खाल्ला. उभ्याउभ्यानं, पाण्याशिवाय. भूक नव्हती. कुणाला दिसू नये म्हणून खाल्ला.

परत गेले तेव्हा रेणूला जरा बरं वाटून राहिलं होतं. खाटेभोवती माणसं — नवरा, दीर, शेजारची नवरीची आई थर्मास घेऊन आलेली. सगळे तिला गोडीत घेऊन विचारत होते. "सांग बाळा, कोणी रागं भरत न्हाई." "लेकरू हाय, वाटतं खावं." नवरीची आई रडवेली झाली होती, आपल्या घरच्या लाडवानं झालं म्हणून. सकाळपासून रेणू एकच सांगत होती, न्हाई खाल्लं. तिचा बाप शेवटी हात जोडून म्हणाला, "माय, एक डाव खरं बोल. मंग मी काईच न्हाई विचारत."

मी दारात उभी होते, कपड्यांची पिशवी घेऊन. रेणूनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं? मला खूप वाटला. माझ्या दाढेत बुंदीचा एक दाणा अडकलेला होता, तो मला लागत होता.

"व्हय," ती म्हणाली. "एक लाडू खाल्ला."

आणि मी काय बोलले? गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "बघा. मी म्हणत नव्हते?"

दुपारी नांदेडच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नळी कधी बदलली होती?"

आता मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत होते. सकाळी नव्हते, आता होते. मी म्हणाले, "तिसऱ्या दिवशी, साहेब. तुमी सांगितलं तसंच."

"मग बराबर आहे," ते म्हणाले. "मग खाण्यातलंच असेल."

बुधवारी नळी बदललीच नव्हती; गुरुवारी दवाखान्यात काढली, तो माझ्या जुन्या मोजणीनं तिसरा. म्हणून मी बोलले ते ऐकायला खरं होतं. ज्या शब्दानं माझं लेकरू दवाखान्यात गेलं, त्याच शब्दामागं मी लपले. पंपाच्या आत कधी काय केलं त्याची सगळी नोंद असते म्हणतात. ती कुणी उघडून बघितली नाही. मी सांगितल्यावर कशाला बघतील?

घरी आल्यावर मी कॅलेंडरवरचे गोल जवळ जवळ करायला लागले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कुणी विचारलं नाही, एवढे गोल काहून. रेणू रोज त्याच कॅलेंडरसमोर उभी राहून वेणी घालायची.

आणि पर्स. दुसऱ्याच दिवशी तिनं ती उघडली, मी चुलीपाशी होते. आत हात घातला, चाचपलं, फणी काढली, पर्स बंद केली. लाडू कुठं गेला असं तिनं विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

निकाल लागला. चांगले गुण पडले. तिला नांदेडला होस्टेलवर राहून सायन्स करायचं होतं, पुढं रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायचं होतं. लहानपणापासून म्हणायची, "माझी साखर मीच तपासते, मंग गावाची पण तपासीन." फॉर्म आणलेला होता. तिच्या बापानं तो घडी करून खिशात घातला. "एका लाडवावर ताबा न्हाई हिचा. तिथं होस्टेलात कोण बघील? मेली तर मला फोन येईल नुसता." तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. त्याला खरं माहीत असतं तर तो तिला स्वतः मोटारसायकलवर बसवून नांदेडला सोडून आला असता, हे मी शपथेवर सांगते.

तिनं परत एकदा माझ्याकडे बघितलं. मी वरणात मीठ घालत होते. घातलं, आणि विसरून आणखी एकदा घातलं. त्या रात्री सगळ्यांनी ते खारट वरण मुकाट खाल्लं.

ती वसमतला एसटीनं जाऊन-येऊन आर्ट्स शिकली. तिच्या वर्गातली एक मुलगी लॅबवाली झाली. तिच्याकडून रिपोर्ट आणायला आता मी गावातल्या बायांना पाठवते. रेणूचं लग्न झालं, कनेरगाव नाक्याला दिली, सासरचा धाबा आहे. माणसं भली आहेत. पण तो लाडू तिच्या मागंच आहे. कुठंही पंगत बसली की कुणीतरी म्हणणारच, "रेणूपाशी परात ठेवू नका रे!" आणि सगळे हसतात. तीही हसते. जावई हसतो. मागं तिच्या नणंदेच्या लेकरांना ती स्वतःच रंगवून सांगत होती — कसा तिनं लाडू चोरून खाल्ला, कसा तो तिला भोवला. गजरा, गर्दी, लाडवाची चव, सगळं. चवसुद्धा! मी ऐकत होते. तिला ते खरंच वाटायला लागलंय का? की माझ्यादेखत मुद्दाम सांगते? मी तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, ती लेकराच्या नाकाचा शेंबूड पुसत होती.

तिला माहीत आहे. कधी वाटतं, नाही माहीत. मग पर्स आठवते, आणि वाटतं, मोजता येतं तिला, ती बोटांवर मोजूनच बसली असणार सगळं — आणि माझ्यासाठी "व्हय" म्हणाली असणार. सोळा वर्षांची पोर. मला वाचवायला. या दोन्हींतलं कोणतं बरं, हे मी रोज ठरवते आणि रोज मोडते. एवढं मात्र खरं की त्या दिवसापासून कोणत्याही कार्यक्रमातून तिनं माझ्यासाठी लाडू आणला नाही. मलाही कुठं लाडू वाढला तर मी तो ताटात तसाच ठेवते. बाया म्हणतात, पोरीपायी सोडला ताईनं. मी तसं म्हणू देते.

गावात गोळ्या सांगताना मी आता "तिसऱ्या दिवशी" म्हणतच नाही. "सोमवारी, मंग बुधवारी," असं वारांची नावं घेऊन सांगते, परत म्हणवून घेते. नव्या आशाताई म्हणतात, तुमचं समजावून सांगणं किती पक्कं!

जुनं इन्सुलिन पुन्हा मिळायला लागून आता बरीच वर्षं झाली. रेणूचं परत तेच चालू आहे. तिला नळी तीन दिवस ठेवली तरी चालते, डॉक्टरांनी तसं सांगितलेलं आहे. ती ठेवत नाही. एक दिवस आड बदलते, आणि बदलली की सकाळी धाब्यावरची गर्दी सुरू व्हायच्या आत मला मेसेज टाकते. लग्नानंतर एकदाही चुकली नाही. दुसरं काही लिहीत नाही — कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

आज सकाळीही आला. "आई, आज तिसरा दिवस. बदलली."

मी नेहमीसारखं लिहिलं, "बराबर."